सातवी कृत्तिका

आमच्या घरात एक म्हण होती. ती दुसऱ्या कुठल्या घरात ऐकू येण्याचा संभव नाही. कारण ती आमच्याच खळ्यात जन्मली आणि आमच्याच माजघरात वाढली. घरात कुणी न पटण्याजोगे काही बोलले, आणि बहुधा ते बोलणारी माझी ताईच असे, की अप्पा हसून म्हणायचे, "हिला काय, हिला सात दिसतात!" मग आम्ही सगळे हसत असू. ताईही हसे, निदान आम्हांला तसे वाटे.

ही म्हण जन्मली कशी ते आधी सांगतो. १९५६ सालची दिवाळी. दापोलीकडच्या आमच्या गावात तेव्हा वीज आलेली नव्हती. नरकचतुर्दशीला पहाटे चारलाच आजोबा सगळ्यांना उठवीत. न्हाणीतला धूर, उटण्याचा वास, तुळशीपाशी पायाखाली फोडलेले कारीट, आणि मग पाटावर बसून खायचे गोड पोहे. अंघोळ उरकली की ओले केस पुशीत आम्ही पोरे खळ्यात जमत असू. आजोबांना नक्षत्रांची हौस. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा १८९६ साली निघालेला भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास त्यांनी कापडात गुंडाळून फडताळात ठेवला होता. दीक्षित मुरुडचे, म्हणजे आपल्या तालुक्याचे, ही गोष्ट ते दर दिवाळीला नव्याने सांगत.

त्या पहाटे पश्चिमेकडे कललेल्या कृत्तिकांच्या पुंजक्याकडे काठी रोखून ते म्हणाले, "मोजा पाहू. किती आहेत?"

मी आठ वर्षांचा होतो. डोळे ताणून मोजल्या. सहा.

"शाबास!" आजोबा म्हणाले. "सहाच. कार्तिकेयाला पाजणाऱ्या सहा आया. म्हणून तर त्याला सहा तोंडे."

ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. ती मान वर करून उगीच उभी होती. ती हळूच म्हणाली, "सात आहेत. त्या टोकाच्या तारकेला लागून आणखी एक बारीक आहे."

आजोबांना ती दिसेना. त्यांची सत्तरी उलटली होती. मला दिसेना, आणि खरे सांगायचे तर मी पाहिलेच नाही. मला शाबासकी मिळून चुकली होती. अप्पांनी पोह्यांची वाटी हातात धरूनच एकवार वर पाहिले आणि ते म्हणाले, "पुराणात सहा, सगळ्या जगाला सहा, आणि हिला सात दिसतात!" सगळे हसले. मी सर्वांत मोठ्याने हसलो, आणि वर "खोटारडी" म्हणून तिला वेडावून दाखवले. म्हण तिथे जन्मली.

ती सातवी तारका मला भेटली बारा वर्षांनी. पुण्यात कॉलेजात शिकत असताना एका प्राध्यापकांनी गच्चीवर नेऊन आपली दुहेरी दुर्बीण माझ्या हाती दिली. कृत्तिकांचा पुंजका डोळ्यांसमोर आला आणि टोकाच्या तारकेच्या अगदी शेजारी, जणू तिच्या पदराला धरून उभी असावी अशी, एक धाकटी तारका मला स्वच्छ दिसली. मी दुर्बीण खाली घेतली. प्राध्यापक विचारीत होते, "काय झाले?" मी काय सांगणार? खळ्यात ताई जिथे बोट दाखवीत होती, नेमकी तिथेच ती होती.

पाश्चात्त्य नकाशांत त्या टोकाच्या तारकेला ॲटलस म्हणतात आणि शेजारच्या धाकटीला प्लिओनी. ग्रीकांच्या कथेत सात बहिणींचे हे आईबाप. ॲटलसने आभाळ खांद्यावर तोलून धरलेले, आणि प्लिओनी ही त्या साती जणींची आई. तेजाच्या क्रमाने मोजू लागलो तर पहिल्या सहा तारका सामान्य डोळ्याला सहज दिसतात. सातवा क्रमांक या प्लिओनीचा. अंधाऱ्या रात्री ती नुसत्या डोळ्याला दिसण्याइतकी तेजस्वी खात्रीने आहे. पण ॲटलस तिच्याहून तिप्पट-चौपट झगझगीत, आणि दोघांत अंतर इतके थोडे की चंद्राच्या बिंबाच्या रुंदीत असली सहा अंतरे मावतील. म्हणून बहुतेकांना दोघे मिळून एकच दिसतात. ज्यांची नजर फार तीक्ष्ण, त्यांना ती वेगळी दिसते. केप्लरचा गुरू मेस्टलिन याने १५७९ साली, म्हणजे दुर्बीण निघण्याच्या आधी, या पुंजक्यातल्या अकरा तारका टिपल्या होत्या. पुढे १६१० साली गॅलिलिओने दुर्बिणीतून पाहिले आणि छत्तीस तारकांचे चित्र छापले. तेव्हा सहा काय नि सात काय, दोन्ही आकडे आकाशाचे नव्हेत. ते आपल्या डोळ्यांचे आहेत.

आजोबांच्या बाजूने शास्त्र होते असे मला तोवर वाटत होते. तेही खरे नव्हते. तैत्तिरीय संहितेत कृत्तिकांची नावेच दिली आहेत, आणि ती सात आहेत: अंबा, दुला, नितत्नि, अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती आणि चुपुणीका. कुणा प्राचीन ऋषीने, किंवा कुणी सांगावे, त्याच्या दहा वर्षांच्या मुलीने, त्या मोजल्या असतील. पुराणांतल्या सहा आणि वेदांतल्या सात शेजारीशेजारी नांदत आल्या. भांडण लागले ते आमच्या खळ्यात.

आता त्या तारकेविषयी थोडे. तिची हकीगत कळली तेव्हा मला ती अधिकच जवळची वाटू लागली. आपल्यापासून ती सुमारे ४४० प्रकाशवर्षे दूर आहे. आज तिचा जो किरण आपल्या डोळ्यांत शिरतो तो शिवरायांच्या जन्माआधी तिथून निघालेला. सूर्याच्या पृष्ठाचे तापमान साडेपाच-सहा हजार अंश. हिचे त्याच्या दुपटीइतके, म्हणून तिचा प्रकाश निळसर पांढरा. वयाने मात्र पोरसवदा. सूर्याला चाळिशीचा गृहस्थ मानला तर कृत्तिकांचे हे सारे भावंडमंडळ जेमतेम वर्षाचे भरेल. त्यांचे वय दहा-बारा कोटी वर्षांचे. त्या जन्मल्या तेव्हा पृथ्वीवर महाकाय सरडे हिंडत होते.

आणि ही प्लिओनी फिरते किती! सूर्याला स्वतःभोवती एक फेरा घ्यायला पंचवीस दिवस लागतात. प्लिओनी त्याच्या तिपटीहून रुंद, पण तिचा फेरा अर्ध्या दिवसात पुरा होतो. सूर्याच्या विषुववृत्तावरचा वेग सेकंदाला दोन किलोमीटर; हिचा सव्वातीनशेच्या वर. सूर्यासारख्या ताऱ्यांना त्यांच्या चुंबकीय वाऱ्याचा लगाम असतो, तो युगानुयुगे त्यांची गती कमी करीत आणतो. या तप्त ताऱ्यांना तसला लगाम नाही. जन्मतः जी गिरकी मिळाली तीच चालू. मग ती मध्यावर फुगते, चपटी होते आणि तिच्या कंबरेवरचे वायू जवळजवळ सुटण्याच्या बेतात येतात. जाते भराभर फिरू लागले म्हणजे पाळूभोवती पिठाचे वर्तुळ जमते. तसे हिच्या अंगातले द्रव्य सुटून तिच्याभोवती कडे होऊन बसते. अशा ताऱ्यांच्या प्रकाशातल्या विचित्र रेषांचे कारण त्यांची ही गिरकी आहे, हे ऑटो स्ट्रुव्ह यांनी १९३१ साली मांडले.

गंमत पुढेच आहे. हे कडे कायमचे नसते. कधी ते दाट होते, आपल्या आणि तिच्या मध्ये येते, आणि तिचेच तेज झाकते. मग विरते, मग पुन्हा जमते. १९३८ साली असे कवच जमले आणि १९५४पर्यंत टिकले. पुढे १९७१च्या अखेरीस तिचे तेज पुन्हा उतरू लागले आणि १९७२ साली नवे कवच दिसले. ज्या पहाटे ताईने तिला पाहिले, तेव्हा ती नुकती पडद्याबाहेर आलेली होती. स्वतःच्या अंगातून निघालेल्याच द्रव्याने झाकली जाणारी ही तारका. यात चोरी नाही, पाप नाही, कुणाचा शाप नाही.

पण माणसाला शापाशिवाय चालत नाही. इथून पुढे माझा खरा प्रश्न सुरू होतो. सात बहिणी म्हणायच्या आणि दिसायच्या सहा, याचे ग्रीकांनी काय केले? एक बहीण हरवली असे म्हटले. का हरवली? कुणी सांगे, मेरोपीने एका मर्त्य माणसाशी लग्न केले, बाकीच्या देवांच्या झाल्या. म्हणून ती लाजेने तोंड लपवून बसली. कुणी सांगे, इलेक्ट्राचे ट्रॉय जळाले, त्या दुःखाने ती विझली. म्हणजे पाहणाऱ्याचे डोळे अपुरे पडले, आणि लाज वाटली ती तारकेला.

आपली कथा याहून कठोर आहे. महाभारताच्या वनपर्वात ती आहे. अग्नीला सप्तर्षींच्या पत्नींचा मोह पडला. अग्नीवर अनुरक्त असलेल्या स्वाहेने ते जाणून एकेका ऋषिपत्नीचे रूप घेतले आणि ती त्याच्याकडे गेली. सहा जणींची रूपे तिला घेता आली; अरुंधतीचे घेता आले नाही. पुढे स्कंद जन्मला, बोभाटा झाला, आणि सहा ऋषींनी आपल्या सहा पत्नींचा त्याग केला. इथवर ती गैरसमजाची कथा आहे, आणि गैरसमज कुणाचाही होतो. पण महाभारतकार तिथे थांबत नाही. स्वाहा स्वतः येऊन सांगते की हे मूल माझे आहे. विश्वामित्राला सारे ठाऊक असते. तोही ऋषींना सांगतो की यात तुमच्या स्त्रियांचा अपराध नाही. आणि ते ऐकूनही ऋषी त्यांना परत घेत नाहीत. शेवटी त्या सहा जणी ज्याच्यापायी बदनाम झाल्या त्या स्कंदाकडेच जातात, आणि तो त्यांना आया मानून आकाशात जागा देतो.

लग्नात नवऱ्या मुलीला आपण अरुंधती दाखवतो. जिच्यावर आळ येऊच शकला नाही तिचे दर्शन घ्यायचे हे ठीकच आहे. पण ज्यांच्यावर आळ आला आणि तो खोटा होता, त्या सहा जणींकडे त्या मंगल रात्री कुणी बोट दाखवीत नाही. त्या ऋषींना खरे कळले नव्हते असे नाही. मग त्यांनी का नाही परत घेतले? मला वाटते, बोललेला शब्द मागे घ्यायला जे लागते ते तपश्चर्येने मिळत नसावे.

ऋषींना नावे ठेवताना मी थोडा अडखळतो. कारण आमच्या घराने काही वेगळे केले नाही.

माझी आई सतत फिरत असे. पहाटे रहाटावर, मग चुलीशी, मग गोठ्यात, मग जात्यावर, पुन्हा चुलीशी. दिवाळीत तर तिची भिंगरीच होई. चकलीचा सोऱ्या, करंज्यांचे सारण, पाहुण्यांची अंथरुणे, सगळ्यांना तेल लावणे. तिची स्वतःची अंघोळ उजाडल्यावर, तीही आटपाआटपीची. ती कधी बसलेली मला आठवत नाही. आम्हां सर्वांना याचे कौतुक होते. "हिच्या पायाला चाके आहेत," असे अप्पा अभिमानाने म्हणत. कौतुक केले की पाहण्याची जबाबदारी उरकली अशी आपली समजूत असते.

१९६० साली, ताई चौदा वर्षांची असताना, एकदा जेवताना म्हणाली, "आई हल्ली दोन कळशांच्या मध्ये थांबते. भिंतीला हात लावून उभी राहते." अप्पांनी आईकडे पाहिले. आई हसून म्हणाली, "काही नाही हो, पोरीचे काहीतरीच." अप्पा म्हणाले, "हिला सात दिसतात." आम्ही हसलो. त्यानंतर दोनतीनदा ताईने तो विषय काढला, आणि प्रत्येक वेळी ते वाक्य तिच्या आड आले. मग तिने बोलणे सोडले आणि पाणी काढायला ती स्वतः जाऊ लागली.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात आई रहाटाशीच कोसळली. बैलगाडीतून, मग एस.टी.तून तिला मोठ्या गावी नेले. हृदयाची झडप अरुंद झाली आहे, आणि हे आजचे नाही, असे डॉक्टर म्हणाले. त्यांनी विचारले, "धाप लागते, थांबावे लागते, हे घरात कुणाच्याच लक्षात आले नव्हते?" अप्पा खाली बघत राहिले. ताई आईचे गाठोडे धरून दाराशी उभी होती. ती काही बोलली नाही.

आई त्यातून उठली आणि आणखी बारा वर्षे जगली. पण बसून, निजून, थकून. ती म्हण मात्र घरात पुन्हा कुणी उच्चारली नाही. अप्पा ताईशी मवाळपणे बोलू लागले. मी तिचे ऐकू लागलो. पण "तुझे खरे होते, आमचे चुकले" हे पाच शब्द ना अप्पांच्या तोंडून निघाले ना माझ्या. ऋषींनी तरी याहून काय केले? त्यांनी त्याग मागे घेतला नाही. आम्ही हसणे मागे घेतले नाही, नुसते थांबवले.

आई आम्हांला का दिसली नाही? याचे उत्तर मला पुष्कळ वर्षांनी ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत मिळाले. असलेली वस्तू न दिसण्याची आठ कारणे तिथे एका श्लोकात सांगितली आहेत. वस्तू फार दूर असते. किंवा फार जवळ असते. इंद्रिय बिघडलेले असते. मन ठिकाणावर नसते. वस्तू फार सूक्ष्म असते. मध्ये आडोसा असतो. दुसऱ्या प्रखर वस्तूपुढे ती लोपते. किंवा आपल्यासारख्याच वस्तूंत मिसळून जाते. मी ही यादी वाचली आणि प्लिओनीला लावून पाहिली. ती दूर आहे. तिचा प्रकाश बारीक. मध्ये तिच्याच द्रव्याचा आडोसा. शेजारी प्रखर ॲटलस. भोवती तिच्यासारख्याच इतर. आजोबांचे डोळे थकलेले, आणि माझे मन शाबासकीत. आठांपैकी सात कारणे लागू पडली. राहिले एक, अति जवळ असण्याचे. टीकाकार त्याला दृष्टांत देतात काजळाचा: ते डोळ्यातच असते, म्हणून डोळ्याला दिसत नाही. ते आठवे कारण आईचे होते.

या आठ कारणांत एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. न दिसणाऱ्या वस्तूचा अपराध असे त्यांतले एकही कारण नाही. आणि न दिसणे म्हणजे नसणे, हे तर मुळीच नाही. आपल्या मीमांसकांनी यावर फार बारकाईने विचार केला. कुमारिल भट्टांच्या परंपरेत अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाणच मानले आहे: जमिनीवर घट आढळत नाही, म्हणून तिथे घट नाही. पण त्याला त्यांनी अट घातली. घट असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, नजर हवी, मध्ये काही नको. अंधाऱ्या खोलीत हात न घालता "इथे घट नाही" म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. आजोबांनी ही अट पाळली असती तर ते म्हणाले असते, "मला सहा दिसतात." ते म्हणाले, "सहाच आहेत." 'दिसतात' आणि 'आहेत' या दोन क्रियापदांमध्ये माझ्या ताईचे बालपण अडकले.

कुणी म्हणेल, मग काय, ज्याला जे दिसते ते सगळे खरे मानायचे? उद्या कुणाला पिंपळावर मुंजा दिसेल. आक्षेप रास्त आहे. मी कुणावर अंधविश्वास ठेवा म्हणत नाही. अविश्वास हे पाप नव्हे. न पाहता केलेला अविश्वास हे पाप आहे. ताईने सात म्हटले तेव्हा आम्ही तिला विचारू शकत होतो, "कुठे? कोणत्या तारकेच्या कोणत्या बाजूला?" कागदावर टिंबे काढायला सांगू शकत होतो. आईविषयी ती बोलली तेव्हा आमच्यापैकी कुणी एक सकाळी विहिरीशी जाऊन उभे राहू शकत होते. मुंजा असल्या प्रश्नांपुढे टिकत नाही. तारका टिकते, आणि दुखणेही टिकते. परीक्षा घेतली असती तर ताई उतरली असती. आम्ही तिची परीक्षा घेतली नाही, चेष्टा केली. चेष्टा हा निकाल देण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. त्यात न्यायाधीशाला मान वर करावी लागत नाही.

अरुंधती दाखवण्याची आपली रीत किती शहाणपणाची आहे! ती बारीक तारका एकदम दाखवीत नाहीत. आधी शेजारचा ठळक वसिष्ठ दाखवायचा, त्यावर नजर स्थिरावली की मग हळूच बाजूला न्यायची. दाखवणाऱ्याला धीर हवा, आणि पाहणाऱ्यालाही. ताईने अगदी याच रीतीने सांगितले होते: आधी टोकाची तारका, मग तिला लागून असलेली. कमी पडला तो पाहणाऱ्यांचा धीर.

आणखी एक सावधगिरी, आणि ती मलाच द्यायची आहे. इतके लिहिताना माझ्या मनात प्लिओनीची हळूहळू एक माउली होऊ लागली आहे: स्वतःला उधळून देणारी, स्वतःच्याच कष्टांआड झाकली जाणारी. हेही बरोबर नाही. तारकेला ना लाज, ना त्याग. ग्रीकांनी तिच्यावर लाज लादली. मी तिच्यावर थोरवी लादायला निघालो, तर फरक फक्त चवीचा. आणि आईच्या बाबतीत आम्ही हेच तर केले होते. तिच्या फिरण्याला थोरवी म्हटले, म्हणून तिच्या थांबण्याकडे पाहिले नाही. एखाद्याचा दिवा मंद झालेला दिसला तर त्यात दोष शोधू नये हे खरे. पण त्याची आरती ओवाळायला लागणे हाही न पाहण्याचाच एक प्रकार आहे. आधी विचारावे, काय होते आहे? वात खाली गेली आहे, तेल संपले आहे, की वारा लागतो आहे?

गेल्या भाऊबीजेला मी ताईकडे गेलो होतो. ती आता एकोणऐंशीची आहे. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली. ओवाळून झाल्यावर मी तबकात ओवाळणी घातली आणि जे साठ-पासष्ट वर्षे बोललो नव्हतो ते बोललो. "ताई, सात होत्या. आणि आईचेही तुझेच खरे होते. आमचे चुकले."

ती तबकाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मला ठाऊक होते रे, सात आहेत ते. पण मधली पुष्कळ वर्षे मलाच वाटू लागले होते, की सहा असतील."

मला यावर बोलता आले नाही. न मानलेल्या माणसाचे हे नुकसान मी कधी हिशेबातच धरले नव्हते. दुसऱ्याने 'नाही' म्हटले म्हणजे आपल्याला दिसलेलेही हळूहळू पुसट होत जाते.

रात्री आम्ही गच्चीवर गेलो. शहराच्या उजेडात आभाळ धुरकट होते. पूर्वेकडे कृत्तिका वर आल्या होत्या. मला नुसता एक ओला डाग दिसला, ताईला तोही नाही. तिची नऊ वर्षांची नात कठड्याला रेलून वर पाहत होती.

"नऊ आहेत," ती म्हणाली.

नऊ? या उजेडात? माझ्या तोंडाशी जुने हसू आले होते. ताईने माझ्याकडे पाहिले. मी नातीच्या शेजारी जाऊन वाकलो, माझे डोके तिच्या डोक्याच्या उंचीवर आणले आणि म्हणालो, "कुठे ग? मला दाखव बघू."